श्वासाच्या खुणांचं पुस्तक

या, असे जवळ सरकून बसा. दारात उभं राहून ऐकायची ही गोष्ट नव्हे. पाठ टेकायला भिंत शोधा, पाय लांब करा. दिवसभराच्या कामाने डोळे मिटले तरी हरकत नाही, कान तेवढे उघडे ठेवा. आज तुम्हाला एका पुस्तक बांधणाऱ्या म्हाताऱ्याची, त्याच्या हट्टी लेकीची आणि गाण्यांच्या एका जाडजूड पुस्तकाची गोष्ट सांगायची आहे. राजा नाही, राणी नाही, राक्षसही नाही. देव मात्र आहे, आणि तो कुठे बसलाय ते मी बोटाने दाखवणार नाही. तुमचं तुम्ही ओळखाल.

म्हातारा शहात्तर वर्षांचा. त्यातली पंचावन्न वर्षं पुस्तकं बांधण्यात गेलेली. घराची पुढची खोली हीच त्याची कामाची जागा: खिडकीखाली लांब टेबल, टेबलाच्या टोकाला हाताने फिरवायचा लोखंडी शिकंजा, आणि भिंतीत मुरलेला खळीचा वास. छापील कागदांच्या घड्या करायच्या, त्यांना म्हणायचं फर्मे. फर्म्याच्या घडीवर टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने एक फर्मा दुसऱ्याला शिवायचा, कण्याला खळ लावायची, पुठ्ठे चढवायचे आणि शिकंज्यात दाबून ठेवायचं. हे त्याने इतक्या वेळा केलं होतं, की झोपेतसुद्धा त्याची बोटं सुई ओढायची.

गेल्या वर्षी आतड्यात कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमोच्या सहा फेऱ्या ठरल्या, त्यातल्या तीन पार पडल्या. दुखणं म्हणाल तर फार नव्हतं. होता तो थकवा. "दमणं वेगळं गं," तो लेकीला सांगायचा. "दमलेला माणूस झोपला की ताजा होतो. हा थकवा माझ्याबरोबर झोपतो आणि माझ्या आधी उठून बसतो."

लेक होती एक्केचाळीस वर्षांची, बसडेपोत ड्यूट्या लावणारी. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोणाला विश्रांती, कोणाला राखीव, हे तिच्या एका कागदावर ठरायचं. बाबा तिला "कंट्रोलर साहेब" म्हणायचे. बाबांना बरं करायचं तर त्यांना कशालाही हात लावू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि तिने ठरवलं की ठरलं.

एका सकाळी प्रार्थनागृहातल्या गाणाऱ्या मावशी दारात आल्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून. काखेत कापडात गुंडाळलेलं मोठं ओझं.

"आहात का जागेवर?" त्या बाहेरूनच ओरडल्या.

"अर्धा आहे," बाबा खुर्चीतून म्हणाले. "उरलेला अर्धा दर तीन आठवड्यांनी दुरुस्तीला जातो."

मावशींनी ओझं टेबलावर सोडलं. प्रार्थनागृहातलं गाण्यांचं पुस्तक. जिथे सगळ्यांनी उभं राहून गायचं, तिथे हेच उघडायचं. दोरा तुटला होता, आणि फर्मे म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलत होते.

"छत्तीस वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणाला होतात ना, दोरा तुटला तर दुसरीकडे नेऊ नका, माझ्याकडे आणा? आणलं. पण मोकळं बोलते. पाच आठवड्यांनी आमचं वर्षाचं मोठं गाणं. कमिटीतले म्हणतायत, आजारी माणसाला कशाला त्रास, यंत्रावर देऊन टाकू. कणा कापायचा, डिंक ओतायचा, तासाभरात पुस्तक हातात."

"कणा कापायचा?" बाबा खुर्चीत ताठ झाले. "अहो, मग खुणा?"

आता या खुणा समजून घ्या, कारण आपल्या गोष्टीचा जीव त्यांच्यात आहे. गाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या त्या पुस्तकात ओळीजवळ, पानाच्या आतल्या समासात, पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या, प्रत्येक खुणेशेजारी ओळीतला तो शब्द लिहून: इथे श्वास घ्या, इथे घ्या, इथे मुळीच घेऊ नका. कोणाची खूण तिरकी, कोणाची टिंबासारखी. कितीतरी खुणा करणारे कधीच निघून गेलेले. यंत्राने बोटभर कणा कापला, की त्या खुणा कचऱ्याच्या टोपलीत.

"मी बांधणार," बाबा म्हणाले.

"नाही," आतून लेक आली. "मावशी, घेऊन जा ते."

"ठेवून जा," बाबा म्हणाले.

मावशींनी दोघांकडे पाहिलं. "पाच आठवडे. त्यानंतर कमिटीला थोपवणं माझ्या आवाजालाही जमणार नाही," असं म्हणून त्या गेल्या. पुस्तक टेबलावरच राहिलं.

लेकीने काय केलं असेल? सुयांचा पत्र्याचा डबा, टोचा, दोऱ्याचं रीळ, मेणाची वडी, सगळं पिशवीत भरलं आणि डेपोतल्या स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. बाबांना पलंगावर निजवलं. पाणी हातात, औषध हातात, जेवण हातात. चप्पलसुद्धा तिने पायात घालून द्यावी. माया होती हो ती, निव्वळ माया. पण आंधळ्या मायेने पांघरूण तोंडावर ओढलं, तर माणूस गुदमरतो.

पाच दिवसांत बाबा आणखी खचले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत बारा पावलं, त्यात दोनदा भिंत धरावी लागे. आणि लेकीला धसका बसला तो निराळ्याच गोष्टीने. भाजीतल्या मिठावरून, बातम्यांवरून, खिडकीच्या कडीवरून वाद घालणाऱ्या या माणसाने सुयांचा डबा कुठे गेला, असं एकदाही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी तपासणी होती. केमोच्या खोलीतल्या नर्सबाई चष्मा दोरीने गळ्यात अडकवून फिरत. बोलणं तुटक, पण खुर्ची ओढून शेजारी बसून बोलत.

"दिवसभर काय करता?" त्यांनी बाबांना विचारलं.

"काही नाही."

"मी काही करूच देत नाही," लेक अभिमानाने म्हणाली.

"म्हणूनच," नर्सबाई म्हणाल्या. "हे बघा, डॉक्टरांनी रक्त पाहिलंय. हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, त्याचं औषध चालू झालंय. पण हा थकवा आजाराचा आणि औषधांचा. नुसतं पडून तो जात नाही, उलट हाडात मुरतो. रोज थोडं चालायचं. दुपारची झोप अर्धा तास, त्याहून जास्त नाही. अंघोळ स्टुलावर बसून. आणि मला सांगा, आजोबा, दिवसात एकच गोष्ट करता येणार असेल, तर कुठली करावीशी वाटते?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने जमिनीकडे.

"पुस्तक बांधावंसं वाटतं," बाबा म्हणाले. "पण माझी ही पोरगी डेपोत पन्नास ड्रायव्हरना कामाला लावते, आणि एकट्या बापाला सक्तीच्या सुट्टीवर बसवते."

नर्सबाई हसल्या नाहीत. त्या लेकीला म्हणाल्या, "मग बाकीची कामं तुम्ही घ्या आणि ताकद त्या पुस्तकाला राहू द्या. छोटे तुकडे करा. ताप आला, दम लागला, चक्कर आली, तर सगळं टाकून आधी फोन. समजलं?"

संध्याकाळी सुयांचा डबा टेबलावर परत आला. बाबांनी झाकण उघडलं, सुया मोजल्या आणि म्हणाले, "एक कमी आहे." ती टेबलाखालीच सापडली. पण वाद परत सुरू झाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन लेकीने देवाचे आभार मानले.

मग तिने आपली विद्या काढली. डेपोतल्या कोऱ्या छापील कागदावर तक्ता केला: सकाळची फेरी वीस मिनिटं, मग विश्रांती. दुपारी झोप अर्धा तास. संध्याकाळची फेरी वीस मिनिटं. मध्ये कोपऱ्यापर्यंत चालणं, जाऊन येऊन. तक्ता शिकंज्यावर चिकटवला.

"आणि गाडी मध्येच बंद पडली तर, कंट्रोलर साहेब?"

"राखीव गाडी आहे ना." तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

काम सुरू झालं. जुना दोरा तिने कापून काढला, फाटक्या घड्यांवर पातळ कागदाच्या पट्ट्या बाबांनी डकवल्या. मध्ये चौथी केमो झाली, त्यात पाच दिवस गेले. मग शिवण. तीस फर्मे. पूर्वी एका सकाळी व्हायचे, आता एका फेरीत एक. तिच्याकडे दोऱ्याला मेण लावायचं काम.

"तीनदा ओढ," बाबा सांगत. "दोनदा ओढलेला दोरा आळशी, चारदा ओढलेला चिकट."

"तीन आणि चारात इतका फरक?"

"तुझ्या गाडीला एक मिनिट उशीर झाला तर फरक पडतो ना? मग!"

तीन दिवस तक्ता सुरळीत चालला. चौथ्या दिवशी लेक ड्यूटीवर असताना बाबांना बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. आणि बरं वाटलं की माणूस काय करतो? उधळतो. लेक घरी आली तेव्हा टेबलावर त्या एका दिवसातले अकरा फर्मे शिवून तयार, आणि बाबा राजासारखे बसलेले.

"बघ! तुझ्या तक्त्याला मागे टाकलं."

दुसऱ्या दिवशी त्यांना चमचा उचलेना. तिसऱ्या दिवशी सुईत दोरा जाईना. लेकीने नर्सबाईंना फोन करून घेतला, ताप नाही, दम नाही हे सांगितलं. पाणी द्या, थोडं थोडं खायला द्या, वाट पाहा, असं उत्तर आलं. आणखी एका दिवसाने बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "देऊन टाक यंत्रावर."

लेक टेबलाशी बसली आणि उरलेले फर्मे क्रमाने लावू लागली. लावता लावता तिची नजर समासातल्या खुणांवर गेली. या खुणा ती प्रार्थनागृहात लहानपणापासून पाहत होती, कधी वाचल्या नव्हत्या.

"बाबा, या खुणांशेजारचे शब्द ओळीच्या शेवटचे का नाहीत? हा बघा, ओळीच्या मधलाच."

"कारण श्वास संपल्यावर घेतला तर सूर फुटतो," बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले. "गाणारा कच्चा असला की दम पुरेपर्यंत ताणतो आणि मग धापा टाकतो. पक्का गाणारा संपायच्या आधी…"

ते थांबले. हळूच कुशीवर वळले. लेक फर्मा हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. बोट त्या खुणेवर.

"बरं, बरं," बाबा म्हणाले. "बापाला शिकवू नकोस. उठव मला."

त्या दिवसापासून घड्याळाचा तक्ता शिकंज्यावरून उतरला. नवा नियम असा की अंगात अजून एका फर्म्याची ताकद शिल्लक असतानाच सुई खाली ठेवायची. बरं वाटलं तरी ठेवायची. बरं वाटलं तर आधी ठेवायची! पहिल्या दिवशी बाबांनी एकच फर्मा शिवला आणि सुई ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन. मग रोज तीन, कधी चार, आणि शिवण संपेपर्यंत पडून राहायचा दिवस पुन्हा आला नाही. ज्या दिवशी तिसावा फर्मा शिवून झाला, त्या दिवशी त्यांनी गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडायला गेले.

"कात्री!" लेक ओरडली.

"पंचावन्न वर्षं दातांनी तोडतोय."

"दातांनाही केमो झालीय."

आता मोठ्या गाण्याला आठ दिवस उरले होते, आणि त्यात परवा पाचवी केमो. केमोनंतर चार-पाच दिवस बाबा पुस्तकाकडे बघणारसुद्धा नाहीत, हे दोघांना ठाऊक. म्हणजे हातात एकच दिवस, आणि कणा, पुठ्ठे, अस्तर, सगळं बाकी. जुने पुठ्ठे कोपऱ्यांवर झिजलेले म्हणून बाबांनी नवे कापून ठेवले होते. लेकीच्या मनात आलं, कण्याचं काम नाजूक, ते बाबांचं. पण पुठ्ठ्यावर कागद डकवायला काय लागतं? दुपारी बाबांची अर्ध्या तासाची झोप चालू असताना तिने खळ कालवली, चांगला जाड अस्तरकागद मापाने कापला, दोन्ही पुठ्ठ्यांवर डकवला, तळहाताने सपाट केला आणि उन्हाच्या कडेला वाळत ठेवला. सुरकुती नाही, फुगा नाही. स्वतःवरच खूश झाली.

संध्याकाळी बाबा टेबलाशी आले. दोन्ही पुठ्ठे होडीसारखे वाकले होते. एकावर बोट टेकवलं, तर तो पाळण्यासारखा डुलला.

"कोणी डकवला?"

"मी."

"आडवा लावलास. कागदालाही कापडासारखं उभं-आडवं असतं. पुठ्ठ्याचं उभं आणि कागदाचं उभं एका दिशेला हवं. नाहीतर वाळताना एकमेकांना ओढतात, तुझ्या-माझ्यासारखे." त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. "नवा पुठ्ठा संपला."

लेकीचे डोळे भरले. "मला वाटलं, तुमची ताकद वाचेल. बाबा, रागवा ना!"

"रागवायला वीस मिनिटं लागतात," बाबा म्हणाले. "ती मी कण्यासाठी ठेवलीयत."

दोघं हसू लागले, इतके की बाबांना खुर्ची धरावी लागली. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "जुने पुठ्ठे आण. कोपरे झिजलेत, पण छत्तीस वर्षं वाकले नाहीत. जुनं अस्तर सोडवू. ओलं फडकं घे. मी बसून सांगतो, हात तुझे."

तिने ओलं फडकं ठेवलं, थांबली, कडेने कागद उचलला. बाबा सांगत होते: सावकाश, आता थांब, आता ओढ. मागच्या पुठ्ठ्यावरचं अस्तर निम्मं सुटलं आणि खालून बोटभर लांबीची पिवळी चिठ्ठी निघाली.

"हे काय?"

बाबा जरा लाजले. "ती बांधणाऱ्याची खासगी प्रार्थना. प्रत्येक पुस्तकात अस्तराखाली एक ठेवतो. त्या कामात ज्याचा हात लागला, त्याच्यासाठी. कोणी वाचायची नसते. पुस्तकाबरोबर देवाकडे जायची असते."

"यात काय आहे?"

"छत्तीस वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार? वाच."

अक्षर बाबांचंच, तरुणपणीचं, ताठ. लेकीने वाचलं: "या पुस्तकाचा दोरा माझ्या लेकीने मेणावर ओढला. वय वर्षे पाच. प्रत्येक वेळी तीनदा मोजते. देवा, हे हात माझ्या उपयोगी पडोत न पडोत, थकू देऊ नकोस."

खिडकीबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. लेकीने चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग स्वतःचे मेणाने चकाकणारे हात पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले, जणू कुणाकडून आत्ताच मिळालेत.

"चल," बाबा म्हणाले. "खळ वाळतेय."

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी काम पुरं झालं. कण्याला खळ बाबांनी लावली, एका बैठकीत नव्हे, तीन बैठकांत, आणि प्रत्येक वेळी थांबायची वेळ येण्याआधीच थांबले. पुठ्ठे लेकीने चढवले. अस्तर लावायच्या आधी तिने कागद बोटांत वाकवून त्याचं उभं-आडवं दोनदा तपासलं. बाबांनी कागदाची बारीक पट्टी आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

"जुनी चिठ्ठी तशीच राहू दे. शेजारी नवी ठेव. या वेळी तू लिही."

तिने थोडा विचार केला आणि लिहिलं: "हे पुस्तक माझ्या बाबांनी बांधलं. थोडं थोडं, थांबून थांबून. देवा, त्यांना असेच श्वास दे." मग अस्तर डकवलं, पुस्तक शिकंज्यात ठेवलं आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं.

दुसऱ्या दिवशी केमो. नर्सबाईंनी सुई लावता लावता विचारलं, "पुस्तक?"

"दाबात आहे," बाबा म्हणाले. "मीही."

चार दिवस पुस्तक शिकंज्यात पडून राहिलं आणि बाबा पलंगावर, एकाच खोलीत. लेक एकाला पाणी देई आणि दुसऱ्याचं चाक पाव फेरा आवळी. पाचव्या दिवशी दोघं बाहेर आले. पुस्तक ताठ, बाबा जरा कमी.

प्रार्थनागृह दहा मिनिटांच्या वाटेवर. गाण्याच्या दिवशी अर्धा तास लागला, कारण लेकीने घडीचं स्टूल बरोबर घेतलं होतं आणि बाबा दोनदा त्यावर बसले, दोन्ही वेळा दमायच्या आधी. पुस्तक तिच्या कडेवर. दारात मावशींनी ते घेतलं, मधोमध उघडलं आणि सगळ्यात आधी आतला समास पाहिला. एकेका खुणेवरून बोट फिरवलं.

"सगळ्या आहेत," त्या पुटपुटल्या. मग त्यांना त्यांचा आवाज सापडला. "आणि पुढे कधी दोरा तुटला तर?"

"हिच्याकडे आणा," बाबा म्हणाले. "फक्त अस्तर लावताना कोणीतरी लक्ष ठेवा."

गाणं सुरू झालं. सगळे उभे राहिले, बाबा बसले, आणि बसून गायले. ओळीच्या मध्येच, ज्या शब्दासाठी कुणी गेलेल्या माणसाने कधीतरी समासात पेन्सिल टेकवली होती, त्या शब्दाशी सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. लेक बाजूला उभी होती. तिला त्या मोठ्या श्वासात बाबांचा श्वास वेगळा ऐकू आला. सूर फुटला नाही.

सहावी केमो अजून बाकी आहे. तीही होईल, खूण पाहून, थांबत थांबत.

आता तुमच्याकडे एकच मागणं. कधी एखादं जुनं जाडजूड पुस्तक हातात आलं, तर मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर तळहात ठेवा. तिथे कोणाची चिठ्ठी असेल किंवा नसेल. पण कोण्या एका पाच वर्षांच्या पोरीने जीभ दातांत धरून मेणावर दोरा ओढला होता, एकदा, दोनदा, तीनदा. तिची आठवण ठेवा.